कमरेला परवान्याचं हत्यार असताना सोलापुरात कसं वावरावं

शस्त्र परवाना हातात पडतो, रिव्हॉल्व्हर घरात येतं आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण एकच काम करतो. आरशासमोर उभा राहून, शर्ट खाली ओढून, उठाव दिसतो का ते बघतो. मीही बघितलं होतं. फौजेत सतरा वर्षं रायफल सांभाळलेला माणूस मी. पण बराकीत हत्यार सांभाळणं वेगळं आणि मंगळवार बाजारात लोकांची कोपरं बरगडीला लागत असताना सांभाळणं वेगळं, हे सोलापुरात परत आल्यावरच कळलं. निवृत्तीनंतर अकरा वर्षं कॅश व्हॅनवर गनमॅन होतो. आता स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ चं रिव्हॉल्व्हर बाळगतो.

अलीकडे ओळखीतले लोक नव्या परवानाधारकांना माझ्याकडे पाठवतात. कोणी सराफाचा मुलगा असतो, कोणी मार्केट यार्डातला अडत्या, कोणी नुकताच पेन्शनवर येऊन गनमॅनची नोकरी धरलेला माजी सैनिक. सगळे आधी होल्स्टर कुठलं घ्यावं ते विचारतात. मी त्यांना चहा देतो आणि रस्त्यावर कसं चालायचं ते सांगतो. तेच इथे क्रमाने लिहितोय. नेम कसा धरायचा हे यात नाही. ते प्रशिक्षकाच्या हाताखाली रेंजवरच शिकायचं असतं, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहेच. नेम धरण्याची पाळी येऊ नये म्हणून डोळे, पाय आणि जीभ कशी वापरायची, एवढंच मला सांगायचं आहे.

उंबरठ्याच्या आत ठरवा

सकाळी हत्यार हातात घेण्याआधी दिवसभरात कुठे कुठे जायचं आहे ते मनात मोजा. त्यातलं एक जरी ठिकाण हत्यार न्यायचं नसेल, तर एकतर ते ठिकाण वगळा, नाहीतर हत्यार कपाटात राहू द्या. मधला मार्ग म्हणून लोक ते गाडीच्या डॅशबोर्डात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवतात. ते कधीही करू नका. डिकीचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने उघडतं. चोराला त्यात हेल्मेट मिळालं तर तुमचं हजाराचं नुकसान, पण रिव्हॉल्व्हर मिळालं तर पुढे कोणाचा तरी जीव त्यातून जाऊ शकतो.

ठिकाणं कुठली? आपल्या परवान्यावर अटी छापलेल्या असतात. मी विचारतो तेव्हा दहातल्या आठांनी त्या वाचलेल्या नसतात. त्यातली एक अट सोलापूरकराने भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी लिहून ठेवावी अशी आहे: खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शैक्षणिक संस्थेचं आवार, इथे हत्यार न्यायचं नाही. आता आपलं गावच बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावर मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी. बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चालायचं असेल तर हत्यार घरी. मग शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती विसर्जन, नवरात्रात रूपाभवानीचं दर्शन, आषाढीला पंढरपूर. यातल्या कुठल्याही गर्दीत हत्यार उपयोगाचं नाही. तिथे गोळी चालवायला सुरक्षित दिशाच नसते, आणि चेंगराचेंगरीत पट्टा सुटला तर कोणाच्या हाती काय लागलं ते कळणारही नाही.

शाळेचं मात्र भले भले विसरतात. मुलीला शाळेत सोडून तसंच पुढे दुकानात जायचं, हा अनेकांचा रोजचा क्रम. शाळेचं फाटक ओलांडलं की अट मोडली. मुलीला सोडून घरी या, मग हत्यार घेऊन निघा. दहा मिनिटं जातात, जाऊ द्यात.

दुसरं, मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनांच्या दिवसांत पोलीस आयुक्त शहरात शस्त्रं बाळगायला मनाई करतात. पेपरात आतल्या पानावर छोट्या चौकटीत ती बातमी येते आणि लोक ती वाचत नाहीत. आपल्यासारख्या परवानाधारकाला त्यातून सूट आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. ठाण्यात जाऊन विचारा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. आली तर मुदतीत जमा करा आणि पावती जपून ठेवा.

तिसरी गोष्ट फक्त आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांची. आपले अर्धे सोयरे विजापूर, इंडी, कलबुर्गीकडे. गाडी विजापूर रोडला लागली की सोरेगाव, मंद्रूप, नांदणीचा नाका, टाकळीला भीमेचा पूल, आणि पूल ओलांडला की कर्नाटक. आपल्याला वाटतं शेजारच्या गावाला आलो. पण परवान्यावर क्षेत्र फक्त महाराष्ट्र राज्य असेल, तर पुलाच्या त्या टोकाला तुम्ही विनापरवाना हत्यार बाळगणारे आहात. परवाना काढून आत्ता बघा, क्षेत्राच्या रकान्यात काय लिहिलंय. परवान्याचं क्षेत्र देशभर वाढवून घेतलेलं नसेल तर सोयऱ्यांकडे मोकळ्या कमरेने जा.

आणि ज्या दिवशी पेला हातात घ्यायचा आहे त्या दिवशी हत्यार नाही. एक पेगही नाही, हुरडा पार्टीलाही नाही. गुंगी आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध घेतलं असेल तरीही नाही.

अंगावर ठेवण्याची रीत

नियम सोपा आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या पक्क्या ताब्यात हवं. खिशात नुसतं टाकलेलं नाही, पँटमध्ये खोचलेलं नाही, गाडीच्या सीटवर नाही. होल्स्टर चापाचा भाग पूर्ण झाकणारं घ्या आणि ज्यात ते अडकवणार तो पट्टा जाड, ताठ घ्या. ढिला पट्टा असला की माणूस दर दोन मिनिटांनी पँट वर ओढतो, आणि बघणाऱ्याला बरोबर कळतं.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो. पातळ सुती शर्ट घामाने अंगाला चिकटला की रिव्हॉल्व्हरचा दस्ता स्पष्ट उठून दिसतो. उन्हाळ्यात मी आत बनियन, वर गडद रंगाचा, थोडा सैल, बारीक चौकड्यांचा शर्ट घालतो. पांढरा शर्ट नाही. वाकायचं असेल तर कमरेत वाकत नाही, गुडघ्यांत बसतो, म्हणजे शर्ट मागून वर सरकत नाही. देवळात पायरीला हात लावताना, दुकानात खालच्या कप्प्यातली वस्तू काढताना, बुटाची नाडी बांधताना हीच चूक होते.

हात सारखा कमरेकडे नेण्याची सवय मोडायला मला सहा महिने लागले. नव्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, आहे ना, आहे ना, करत. गनमॅन असताना मी गर्दीत साध्या वेशातले पोलीस याच खुणेवरून ओळखायचो. मला ओळखता येतं, तर वाईट माणसालाही येतं. तपासायचंच असेल तर कोपराने हळूच चाचपा, तळव्याने नको.

आणि संडास. हसू नका, या विषयात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॅश व्हॅनची नोकरी नवीन असताना, सुट्टीच्या दिवशी मोहोळच्या बाजूला एका ढाब्यावर मी जेवलो. संडासात गेलो, पट्टा सोडला आणि होल्स्टरसकट दारामागच्या खिळ्याला अडकवला. बाहेर आलो, हात धुतले, बिल दिलं, मोटारसायकलला किक मारली. पन्नासेक मीटर गेल्यावर कंबर हलकी लागली. कसा परत पळालो ते आजही अंगावर काटा आणतं. संडासाबाहेर एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा, ढाब्यावरचा कामवाला, नंबर लावून उभा होता. दार आतून बंद होतं आणि आत एक ट्रकवाला होता. तो बाहेर आला. त्याने खिळ्याकडे बघितलंच नव्हतं. पट्टा तिथेच होता. नुसतं नशीब म्हणून तो पट्टा त्या पोराच्या हाती पडला नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. बाहेर असताना पट्टा सोडावा लागला तर होल्स्टर पट्ट्यातून निघूच देत नाही. उतरवलेल्या पँटच्या आत, दोन्ही पायांच्या मध्ये, नजरेसमोर राहील असं ठेवतो. खिळा, खिडकी, फ्लशची टाकी, कुठेही नाही. बाहेर पडण्याआधी उभं राहून एकदा कोपराने चाचपतो आणि मगच कडी काढतो.

नजर

अमेरिकेच्या मरीन कोअरमधले अधिकारी जेफ कूपर यांनी मनाच्या सावधपणाला चार रंग दिले. जगभर प्रशिक्षक तेच शिकवतात. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत, पण जागा. नारिंगी म्हणजे एखाद्या ठराविक माणसावर किंवा गोष्टीवर लक्ष गेलंय आणि मनात ‘असं झालं तर तसं करीन’ ठरलंय. लाल म्हणजे ठरलेलं करायची वेळ आली. कानात इयरफोन घालून चाटी गल्लीतून चालणारा पांढऱ्यात आहे. हत्यार बाळगणाऱ्याला घराबाहेर पांढरा रंग नाही. पण नवे लोक उलटी चूक करतात, दिवसभर नारिंगीत फिरतात. प्रत्येकाकडे संशयाने बघतात, रात्री डोकं धरून बसतात आणि आठ दिवसांत कंटाळून पुन्हा पांढऱ्यात जातात. पिवळा रंग दिवसभर टिकतो, कारण त्यात ताण नाही. आपली आजी ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे अचूक सांगायची ना, तसंच.

सराव सांगतो. नवी पेठेत किंवा पार्क चौकात चहा प्यायला थांबलात की तीन गोष्टी मनाशी सांगा. इथून निघायच्या दोन वाटा कोणत्या? माझ्यानंतर कोण आलं? आणि कोणाचे हात मला दिसत नाहीत? चेहऱ्यापेक्षा हात बघायची सवय लावा, कारण इजा हातांनी होते. भर उन्हात जाकीट घातलेला, ग्राहक असून मालाकडे न बघता दाराकडे बघणारा, हेल्मेट न काढता दुकानात शिरलेला, अशा माणसाकडे लक्ष गेलं की ते टिकू द्या. एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. तुम्ही फक्त पिवळ्यातून नारिंगीत गेलात आणि पाऊल थोडं बाजूला टाकलंत.

व्हॅनवर असताना एकदा मार्केट यार्डाच्या फाटकाजवळ आम्ही रोकड भरायला थांबलो होतो. कांद्याचा मोठा लिलाव झालेला दिवस. एक मोटारसायकल समोरून गेली, दोघं बसलेले. चार मिनिटांनी तीच उलट बाजूने आली. नंबरप्लेटला चिखल, पण मडगार्ड कोरडं स्वच्छ. तिसऱ्यांदा आली तेव्हा मागचा माणूस आमच्या गाडीच्या मागच्या दाराकडे बघत होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, मामा, दार लावा, आज हैदराबाद रोडने नाही, आतून जायचं. कंट्रोलला फोन केला, वर्णन सांगितलं आणि निघालो. ते दोघं कोण होते हे कधीच कळलं नाही. कदाचित पत्ता शोधत असतील. चिखल प्लेटवर आणि मडगार्डवर नाही, एवढं दिसलं हे पुरे होतं. वीस मिनिटांचा वळसा पडला.

सराफांसाठी सगळ्यात वाईट मिनिट कुठलं ते ऐका: शटर पाडतानाचं. मंगळवार पेठेत, मधल्या मारुतीच्या आसपास रात्री बघा. मालक दागिन्यांची किंवा रोकडीची बॅग पायाशी ठेवतो, रस्त्याकडे पाठ करतो, खाली वाकतो आणि दोन्ही हात कुलपात गुंतवतो. कमरेला रिव्हॉल्व्हर असलं तरी त्या मिनिटाला ते नसल्यासारखंच. म्हणून शटर एकट्याने पाडायचं नाही. एकाने कुलूप लावायचं, दुसऱ्याने भिंतीला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं, मोबाईल खिशात. हत्यार ज्याच्याकडे आहे तो उभा राहील, वाकणार नाही. बॅग आधी आतच राहू द्या, बाहेर नजर टाकून मग काढा. रोज ठीक साडेआठला बंद करत असाल तर वेळ बदलत जा. घरी जायचा रस्ताही बदला. एक दिवस टिळक चौकातून, एक दिवस बाळीवेशीकडून.

गाडीत असाल तर सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडून थांबा. मग मागे न घेताही बाजूने काढता येते. दारं आतून लॉक. ‘टायर पंक्चर आहे’, ‘ऑईल गळतंय’, ‘तुमचे पैसे पडले’ असं कोणी काचेजवळ येऊन म्हणालं तर मान हलवून पुढे जा आणि पेट्रोल पंपावर, उजेडात, लोकांत थांबून बघा.

अंतर किती लागतं

नव्या माणसाला वाटतं, समोरचा चाकू काढेपर्यंत मी रिव्हॉल्व्हर काढीन. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले डेनिस ट्युलर यांनी हे मोजून दाखवलं. धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर, जेमतेम दीड सेकंदात कापतो. सराव असलेल्या माणसालाही होल्स्टरमधलं हत्यार काढून झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. नवी पेठेतल्या गल्लीची रुंदी डोळ्यासमोर आणा. तिथे समोरच्या फुटपाथवरचा माणूसही या अंतराच्या आत आहे.

त्यामुळे कमरेवर भरवसा ठेवण्याआधी पायांवर ठेवा. संशय आला की बाजूला सरका, मध्ये काहीतरी येऊ द्या: रिक्षा, काउंटर, उसाच्या रसाचा गाडा, उभी केलेली गाडी. मोठ्याने बोला, ‘लांब राहा’. आवाजाने आजूबाजूचे वळून बघतात आणि वळलेल्या माना बघून बरेच जण काढता पाय घेतात. दुकानात उलटे फिरून शिरा. पळून जाता येत असेल तर पळा. फौजी म्हणून हे लिहिताना मला काही कमीपणा वाटत नाही.

ज्याच्याकडे हत्यार आहे त्याने भांडायचं नाही

सात रस्त्याला दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळी सातची वेळ. मी स्कूटरवर सिग्नलला थांबलेलो. मागून एका तरुण पोराची बुलेट येऊन धडकली. माझा मागचा दिवा फुटला. चूक त्याची, पण उतरून तोच माझ्या अंगावर आला. आई-बहिणीवरून शिव्या, छातीला छाती लावून, ‘म्हाताऱ्या, दिसत नाही का?’ माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. कानशिलं तापली होती. पण त्या क्षणी मला फक्त एवढं दिसत होतं की त्याचा डावा हात माझ्या शर्टाच्या कॉलरकडे येतोय. त्याने कॉलर धरली की झटापट होणार, झटापट झाली की शर्ट वर सरकणार, शर्ट सरकला की रिव्हॉल्व्हर दिसणार. मग त्याचे दोन मित्र, बघे, मोबाईलचे कॅमेरे, आणि एकच हत्यार, ज्यावर चार हात.

मी दोन्ही तळवे छातीसमोर, त्याला दिसतील असे धरले, एक पाऊल मागे आलो आणि म्हटलं, ‘चुकलं मालक. जाऊ द्या. लागलं का तुम्हाला?’ तो गडबडला. भांडायला आलेल्या माणसाला अशा उत्तराची सवय नसते. आणखी दोन शिव्या देऊन गेला. दिव्याचे साडेतीनशे रुपये मी भरले.

मी त्याला घाबरलो नव्हतो. कमरेला हत्यार असेल तर रस्त्यावरचं कुठलंही भांडण पाहता पाहता हत्याराचं भांडण होतं, आणि ते न होऊ देण्याची जबाबदारी एकट्या माझी असते, कारण त्या गर्दीत ते फक्त मलाच माहीत असतं. नव्या परवानाधारकाला मी इथेच सगळ्यात जास्त वेळ बसवतो. तुमच्या घरी रागाच्या भरात ताट भिरकावणारं कोणी असेल, आणि ते तुम्हीच असाल, तर परवाना परत करा. पार्किंग, ओव्हरटेक, बांधाचा वाद, भाऊबंदकी, वर्गणी, डीजेचा आवाज, कशातही आवाज चढवायचा नाही. ‘माझ्याकडे काय आहे माहीत आहे का?’ हे वाक्य आयुष्यात उच्चारायचं नाही. नुसतं दाखवून धमकावलं तरी गुन्हा होतो आणि परवानाही जातो. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी पत्र्यावर, कोणाच्या तरी डोक्यावर खाली येते.

कायद्यातलं स्वसंरक्षण

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. मराठी प्रत आणून ही अकरा कलमं स्वतः वाचा आणि शंका वकिलाला विचारा. व्यवहारात लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी ३७ व्या कलमात आहेत. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हक्क धोका असेपर्यंत असतो. मोबाईल हिसकावून पळत सुटलेल्या पोराच्या पाठीवर गोळी झाडणं याला बचाव म्हणत नाहीत. पाठ दिसली की थांबा, अंगावरचे कपडे आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवा.

जीवावर बेतून हत्यार बाहेर काढावंच लागलं, गोळी सुटो न सुटो, पहिला फोन ११२ ला तुम्हीच करा. ठिकाण, कोण जखमी आहे, आणि ‘परवान्याचं हत्यार माझ्याकडे आहे, मी इथेच थांबलोय, माझा शर्ट निळा आहे’ एवढं सांगा. पोलीस येतील तेव्हा त्यांना हातात हत्यार घेतलेला एक माणूस दिसतो, तो चांगला की वाईट हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून धोका टळला की हत्यार होल्स्टरमध्ये आणि हात रिकामे. पुंगळ्या उचलू नका, जागा सोडू नका. जखमी माणूस हल्लेखोर असला तरी त्याच्यासाठी रुग्णवाहिका मागवा.

नाकाबंदीत

पोलिसांना परवाना मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. रात्री जुन्या पुणे नाक्यावर किंवा आसरा चौकात अडवलं तर गाडीतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर किंवा हँडलवर ठेवा आणि कशालाही हात घालण्याआधी बोला: ‘साहेब, माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, उजव्या कमरेला. परवाना शर्टाच्या खिशात आहे. तुम्ही सांगाल तसं करतो.’ एवढं शांतपणे म्हटलं की समोरचा हवालदारही शांत होतो. परवाना नेहमी हत्याराच्या विरुद्ध बाजूला ठेवा. उजव्या कमरेला हत्यार आणि उजव्याच मागच्या खिशात परवाना असेल, तर कागद काढताना हात कुठे जातो ते बघा.

गनमॅनची नोकरी धरलेल्यांसाठी थोडं

तुमची बारा बोरची डबल बॅरल झाकता येत नाही, त्यामुळे तुमचं वागणं सगळ्यांना दिसतं. बंदूक तुमच्या परवान्याची आहे. लघवीला जाताना ‘मामा, जरा धरा’ म्हणून ड्रायव्हरच्या हाती दिली तर दोघांवरही गुन्हा होऊ शकतो. नळीचं तोंड कुठे आहे हे सतत माहीत हवं. गाडीत चढताना ते कस्टोडियनच्या, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या सहकाऱ्याच्या, पोटाकडे जातं, बघा एकदा. एटीएमबाहेर उभे असाल तर मोबाईल गाडीतच. दहा मिनिटं रीळ बघणारा गनमॅन म्हणजे लुटारूंना आयती मिळालेली बंदूक. बूट चामड्याचे, नाडीचे. चपलेत ड्युटी नको. ड्युटी बारा तासांची झाली, झोप नीट झाली नाही, तर सुपरवायझरला तोंडावर सांगा.

घरी परतल्यावर

दाराशी नातवंडं येऊन बिलगतात, म्हणून मी आधी आत जातो. खोलीचं दार लावतो. रिव्हॉल्व्हर भिंतीकडे, पलीकडे कोणी झोपत नाही त्या भिंतीकडे धरून रिकामं करतो, चक्री उघडून प्रत्येक भोकात बोट घालून बघतो. कोरड्या कपड्याने घाम पुसतो, मग तेलाचा हलका हात. उन्हाळ्यात दोन दिवस हे केलं नाही तर दस्त्याजवळ गंजाचे ठिपके दिसतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवत नाही, चामडं ओल धरतं.

हत्यार लोखंडी कपाटात, चावी माझ्या गळ्यात. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. संपायच्या तीन महिने आधीची तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली आहे. हत्यार किंवा काडतूस हरवल्याचा नुसता संशय आला तरी सकाळची वाट न बघता जवळच्या ठाण्यात कळवायचं असतं, म्हणून मोजणी रोजच्या रोज लागते. काडतुसं तळहातावर घेतो आणि एक एक करून डब्यात टाकतो. ढाब्यावरच्या त्या दिवसानंतर एकही रात्र चुकलेली नाही. सहा भरली की झाकण लावतो, कुलूप ओढून बघतो आणि मग जेवायला बसतो.